शॉकची नॉब सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच दारांच्या हॅचबॅकला ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या, सोबत नॉब फिरवून रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा विरोध, कमी-जास्त करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. एकट्याने चालवताना गाडी वळणावर रस्ता धरून चालते, मजा येते. पण घरची माणसं मागे बसली की प्रत्येक खड्ड्याला तक्रार. नॉब पूर्ण सैल केली तर गाडी डोलते, आवळली तर आणखी आदळते. मग ती नेमकी कितीवर ठेवायची?

कितीवर ते खाली सांगतो. पण तुमच्या वर्णनातला एक तुकडा माझ्या लगेच नजरेत भरला: ‘माणसं मागे बसली की’. बरीच वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय. इतक्या अनुभवावर सांगतो, एकट्याने बरी आणि भरल्यावर वाईट चालणाऱ्या गाडीचा दोष बहुतेक वेळा शॉकच्या नॉबमध्ये सापडत नाही. चाकाला वर यायला जागाच उरलेली नसते.

आकडे मांडून बघू. उदाहरणादाखल घेतलेत, पण अशा आकाराच्या गाडीला बऱ्यापैकी लागू पडतील. मागच्या एका चाकाच्या वाट्याला, चाक-एक्सल सोडून, २०० किलो भार धरा. मूळ स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मोजला तर मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलोला एक मिलिमीटर दबणारी. गाडी रिकामी उभी असताना बंप स्टॉपला (शॉकच्या दांड्यावरचा शेवटचा मऊ अडथळा) टेकेपर्यंत चाकाला वर यायला ९० मिलिमीटर मोकळी जागा. आता मागे दोन माणसं आणि थोडं सामान, मिळून १८० किलो, बहुतेक सगळं मागच्या एक्सलवर. म्हणजे एका चाकावर ९० किलो. मूळ स्प्रिंग तेवढ्याने ४४ मिलिमीटर दबते आणि ४६ उरतात. नवी स्प्रिंग ३० टक्के कडक, म्हणजे २६ न्यूटनची. ती तेवढ्याच भाराने ३४ मिलिमीटरच दबते. ऐकायला बरं वाटतं. पण गाडी आधीच ३५ ने खाली बसलेली आहे. ९० वजा ३५ वजा ३४, उरले २१.

एकवीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याएवढी जागा. साध्या खड्ड्यातून बाहेर येताना चाक तेवढं सहज वर येतं. त्याच्या पुढे स्प्रिंगच्या जोडीला बंप स्टॉप दबायला लागतो. तो फोमसारख्या पॉलियुरेथेनचा असतो. पहिले काही मिलिमीटर मऊ लागतो आणि मग कडकपणा झपाट्याने वाढतो. मागे बसलेल्या माणसाला पाठीत जो ठोका बसतो तो हा. नॉबमधून जे तेल जातं त्याचा या ठोक्याशी संबंध फार थोडा.

म्हणून आधी मोजा. शॉकच्या दांड्यावरची धुळीची रबरी टोपी वर सरकवा आणि दांड्याभोवती एक बारीक प्लॅस्टिकचा केबल टाय आवळा. बोटाने ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही, इतकाच. शेपूट कापून टाका. तार कधीही वापरू नका, दांड्यावरच्या क्रोमला ओरखडा पडला की काही महिन्यांत सील तेल सोडतं. टाय खाली सीलला टेकवा, माणसं बसवा, नेहमीच्या रस्त्यावरून पंधरा मिनिटं फिरून या. शॉक जितका दबला तितका टाय वर गेलेला दिसेल. तो बंप स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत पोचला असेल तर गाडी स्टॉपवर आदळतेय. स्टॉपवर चकचकीत घासल्याची खूण किंवा खालच्या टोकाला चिरलेला फोम दिसला, तर ती रोजच आदळतेय. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मागचा शॉक तिरका किंवा आत घेतलेला असेल तर चाक १० मिलिमीटर हललं तरी दांडा ७-८ च हलतो, त्यामुळे दांड्यावरचं माप चाकाचं माप म्हणून धरू नका. आणि उलटे बसवलेले मोनोट्यूब स्ट्रट (एकाच नळीचे शॉक) असतील तर दांडा आत लपलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

जागा संपतेय असं दिसलं तर उपाय तीनच. पहिला, स्टॉप छोटा करणं. स्प्रिंगच्या कागदात ‘इतका कापा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच हे करा, आणि तेवढाच कापा. स्टॉपचं दुसरं काम शॉकला वाचवण्याचं असतं. गाडी खाली बसवल्यावर मूळ लांबीच्या शॉकचा दांडा आधीच आत गेलेला असतो. स्टॉप कापून आणखी आत जाऊ दिला तर पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो, आणि तो शॉक मग फार दिवस टिकत नाही. म्हणूनच खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड बॉडीचे शॉक वेगळे बनतात. बिल्स्टाइन कंपनीची बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ आखूड स्प्रिंगसाठी, हा फरक नेमका याच कारणाने आहे. दुसरा उपाय, लांब आणि सुरुवातीला खूप मऊ असणारा स्टॉप. तो लवकर टेकतो पण हळूहळू चढतो, ठोका बसत नाही. तिसरा उपाय, आणि तुमच्या वापराला मी हाच सुचवेन: मागे कमी उतरणारी स्प्रिंग. ३५ च्या जागी २० ने खाली बसणारी. तेवढ्याने अंगठ्याएवढ्या जागेचे ३६ मिलिमीटर होतात. गाडी दिसायला किंचित मागून वर राहील, पण भरल्यावर सपाट दिसेल.

उंचीबद्दल एक मत मांडतो, कारण यावर मी खूप लोकांशी बोललोय. रस्त्यावरच्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटरच्या पुढे उतरवून हाताळणीत फारसं काही मिळत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला, चाक धरणारा उभा खांब) असलेल्या गाडीत तर उलटंच होतं. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून चेसिसशी जोडणारा दांडा, मुळात आडवा किंवा चाकाकडे थोडा खाली झुकलेला असतो. गाडी उतरवली की तो चाकाकडे वर चढतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं की त्याच वेगाला गाडी कलायला जास्त जोर मिळतो. मग तो कल थांबवायला आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि आराम तिथेच जातो. फोटोत गाडी खाली बसलेली छान दिसते हे मान्य, मलाही आवडते. पण वळणावर त्याचं मोल मिळेलच असं नाही.

आता बुशांकडे वळू. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, कारण दुरुस्ती फुकटात होते आणि तरी राहून जाते. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला रबराचा बुश असतो. बहुतेक गाड्यांत त्याची आतली लोखंडी नळी बोल्टने चेसिसला घट्ट आवळली जाते, बाहेरची आर्ममध्ये बसलेली असते, आणि चाक वर-खाली होताना मधलं रबर पिळतं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लोंबतायत, आणि मेकॅनिकने त्याच अवस्थेत बोल्ट शेवटपर्यंत आवळले. गाडी खाली उतरवताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. ते आता न मागता मिळालेली जादा स्प्रिंग झालं. वर काही महिन्यांत ते फाटतं.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकाने वर्षभरात शॉकचे दोन संच बदलले होते आणि तिसऱ्याच्या किमती विचारत होता. लहान खडीवरूनही पुढचं टोक टक-टक हादरायचं. मी गाडी चाकांवर उभी असतानाच लोअर आर्मचा मागचा बोल्ट सैल केला. पाना अर्धा वेढा फिरल्यावर आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि आर्म हलल्याचं हाताला जाणवलं. बुश आपल्या जागी आला होता. चारही बोल्ट सैल केले, गाडी दोन-तीनदा दाबून सोडली, माणूस आत बसवला आणि चाकांवरच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. शॉकला हातही लावला नव्हता. फेरी मारून आल्यावर मालक बराच वेळ बोनेटपाशी नुसता उभा होता. तुमच्या गाडीत हे आजच तपासा. खाली शिरायला जागा नसेल तर प्रत्येक चाकाच्या हबखाली जॅक लावून आर्म उभ्या गाडीच्या कोनात आणा आणि मग आवळा. पण गाडी भक्कम स्टँडवर असेल तरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

बसवणीतल्या आणखी काही गोष्टी भराभर सांगतो. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत टेकलेलं हवं. वरचं रबर पॅड पुन्हा लावलेलं हवं. चाक पूर्ण लोंबवल्यावर स्प्रिंग वाटीत सैल खुळखुळत असेल तर ती जोडी त्या शॉकशी जमत नाही, तशी गाडी चालवू नका. शॉकच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावली असेल तर दांडा आत गरागरा फिरला असण्याची शक्यता आहे. दांडा अ‍ॅलन कीने धरायचा आणि नट हाताच्या पान्याने फिरवायचा. स्टीअरिंग वळवताना पुढून ‘टंग’ असा आवाज येत असेल तर टॉप माउंटचं (स्ट्रट वर जिथे बॉडीला बसतो तिथलं) बेअरिंग अडतंय आणि स्प्रिंग पिळून सुटतेय. जुन्या काही गाड्यांत मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागे भार वाढला की मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्यायचा, हे त्याचं काम. गाडी उतरवली की त्याला ती भरलेलीच वाटते. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून लॉक होण्याचं हे एक कारण आहे. तुमच्या गाडीत असेल तर ती दांडी नव्या उंचीला जुळवून घ्याच, यात हयगय नको.

टायर. हवा दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीप्रमाणे, टायर थंड असताना भरा. ‘स्पोर्टी’ म्हणून तीन-चार पीएसआय जास्त ठेवणारे खूप भेटतात. मग तोच कडकपणा कमी करायला नॉब सैल करत बसतात. आणि स्प्रिंगसोबत रिमही मोठे केले असतील तर तेही हिशेबात धरा. १९५/५५ टायरची भिंत १०७ मिलिमीटर असते, २०५/४५ ची ९२. रस्त्याचे बारीक दात सगळ्यात आधी ही भिंत गिळते. ती १५ मिलिमीटरने कमी झाली तर तो फरक शॉक भरून काढू शकत नाही.

इतकं झालं की नॉबकडे यायचं. त्याआधी शॉक नेमकं काय करतो ते दोन मिनिटांत.

स्प्रिंग वजन पेलते आणि ऊर्जा साठवते. शॉक वजन पेलत नाही. तो फक्त हालचालीला विरोध करतो आणि ती ऊर्जा उष्णतेत घालवतो. चाक वर येताना होणारा विरोध म्हणजे बंप, दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध म्हणजे रिबाउंड. रस्त्यावरच्या शॉकमध्ये रिबाउंडचा जोर बंपच्या दुप्पट-तिप्पट असणं नेहमीचं. साठलेली ऊर्जा सोडताना गाडीला आवरावं लागतं, आणि चाकाला मात्र खड्ड्याच्या कडेवरून पटकन वर यायची मोकळीक द्यावी लागते. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकवर नॉबने फक्त रिबाउंड बदलतो, तुमचेही तसेच आहेत. ही चांगली गोष्ट आहे. एकाच नॉबवर दोन्ही बदलणारे शॉक जुळवणं जास्त अवघड जातं. डोलणं थांबवायला आवळलं की सोबत बंपही आवळला जातो.

स्प्रिंग कडक केली तर शॉकही कडक हवा, पण तितकाच नाही. लागणारी ताकद वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. स्प्रिंग ३० टक्के कडक, तर शॉक सुमारे १४ टक्के. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बाजारातले बरेचसे स्पोर्ट शॉक मऊ टोकालाच मूळ शॉकपेक्षा तेवढे किंवा त्याहून जास्त कडक असतात. म्हणजे जुळणी मऊ टोकाच्या जवळपास सापडते. कडक टोक हे याहून खूप कडक स्प्रिंगसाठी ठेवलेलं असतं. लोक मधल्या क्लिकपासून (क्लिक म्हणजे नॉबचा एक टप्पा) सुरू करतात, कारण मध्य म्हणजे सुरक्षित असं वाटतं. तुम्ही मऊ टोकापासून सुरू करा.

मोजणी मात्र कडक टोकापासून करायची. नॉब घड्याळाच्या दिशेने, दोन बोटांनी, हलकेच बंद होईपर्यंत फिरवा. बऱ्याच शॉकवर ती कडक बाजू असते, पण कागद वाचून खात्री करा. जोर लावू नका, आत बारीक सुई आपल्या बैठकीवर बसते आणि तिला जखम होते. ते शून्य. तिथून उघडत मोजत जा आणि पूर्ण मऊ टोकापर्यंत किती क्लिक किंवा किती वेढे होतात ते लिहा. डावी-उजवी जुळली पाहिजे. दोन-तीन क्लिकचा फरक आला तर बंद टोकापासून सारखी ठेवा. काही शॉकवर, विशेषतः मागे, नॉब बाहेर नसतेच. शॉक काढून पूर्ण दाबायचा आणि आतल्या खाचेत अडकवून फिरवायचा. तसे असतील तर तुम्हाला दर वेळी तासभर लागेल, पण पद्धत हीच.

एक फेरी ठरवा. रहदारी नसलेली, ओळखीची, दहा मिनिटांत संपणारी. तीत तीन तुकडे हवेत: लांब लाटांचा गुळगुळीत रस्ता, एकामागोमाग एक वळ्या पडलेला खराब तुकडा, आणि एक लांब वळण. दर वेळी तोच वेग, तेवढीच माणसं, टायर तितकेच गरम. एका वेळी एकच टोक बदला, आधी पुढचं, मग मागचं. शेजारी बसलेल्याने वहीत लिहावं, कारण तिसऱ्या फेरीनंतर कोणालाच काही नीट आठवत नाही.

लाटेवर बघायचं ते हे. उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी वर उचलते, खाली येते आणि तिथेच बसते का? छोटीशी एक थरथर चालेल. दुसरी पूर्ण उसळी आली तर रिबाउंड कमी आहे, दोन क्लिक किंवा पाव वेढा आवळा. दुसरी उसळी ज्या क्लिकला थांबली तिथेच थांबा. ‘आणखी थोडी’ या मोहात पडू नका, कारण पुढचा दोष वेगळाच आहे आणि तो फसवा आहे.

रिबाउंड जास्त झाला की चाक वळीवरून वर येतं, पण खाली यायला उशीर करतं. ते परत पसरायच्या आत दुसरी वळी येते, मग तिसरी. प्रत्येक वेळी शॉक थोडा आणखी दबलेला राहतो आणि गाडी खाली खाली रुतत जाते. उरलेल्या त्या थोड्या जागेतून पाचव्या-सहाव्या वळीला ती बंप स्टॉपवर येते. याची खूण नेमकी सांगतो: पहिला हादरा मऊ लागतो, तिसरा कडक, पाचवा दगडासारखा. पहिलाच हादरा कडक लागत असेल तर कारण दुसरं, टायर किंवा बंप किंवा बुश. ‘आवळली तर आणखी आदळते’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला वाटतं की तुम्ही दोन्ही दोष एकाच वेळी भोगताय: जागा कमी, आणि असलेली जागाही रिबाउंड खाऊन टाकतोय. खराब तुकड्यावर वळताना स्टीअरिंग हलकं पडतं, पुढचं चाक रस्त्यावरून निसटल्यासारखं वाटतं, तेही याच कारणाने.

उभ्या गाडीचा कोपरा हाताने दाबून ‘किती उसळ्या घेते’ बघतात ना, त्यावर सेटिंग ठरवू नका. गळका शॉक ओळखायला ते ठीक. दोन क्लिकमधला फरक हाताला कळत नाही.

पुढे-मागे यांचं नातं ही यातली सगळ्यात सुंदर बाजू आहे, म्हणून थोडं थांबतो. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी ताशी ७२ किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला २० मीटर कापते. पुढच्या चाकाला बसलेला हादरा मागच्याला एक अष्टमांश सेकंदाने बसतो. दोन्ही टोकं सारख्याच वेगाने झुलत असतील तर एक वर असताना दुसरं खाली येतं आणि गाडी मान हलवत राहते. रोल्स-रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये यावर काम केलं. वजनं पुढे-मागे हलवता येतील अशी चाचणीची गाडी बनवून त्यांनी दाखवलं की मागचं टोक पुढच्यापेक्षा थोडं जलद झुलणारं ठेवलं तर उशिरा सुरू झालेलं मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते.

आता आपल्या उदाहरणात बघा. पुढे एका चाकावर ३२० किलो आणि २८.६ न्यूटनची नवी स्प्रिंग धरली तर झुलण्याचा वेग सेकंदाला १.५ वेळा. मागे रिकामी असताना २०० किलो, २६ न्यूटन, १.८ वेळा. छान, मागचं टोक जलद आहे. माणसं बसली, मागचा भार २९० किलो झाला, वेग १.५ वर आला. पुढे-मागे सारखे. म्हणजे भरलेली गाडी आदळते तर आहेच, शिवाय मानही हलवते. वर भार ४५ टक्क्यांनी वाढल्यामुळे तोच ताबा ठेवायला मागच्या शॉकला सुमारे २० टक्के जास्त ताकद लागते. म्हणून मागच्या नॉबला दोन जागा असाव्यात, एक एकट्यासाठी आणि एक भरल्यासाठी. पुढचा भार फारसा बदलत नाही, पुढची नॉब एकदा लागली की सोडून द्या.

वळणाबद्दल एक गैरसमज दूर करतो. शॉक गाडी हलत असतानाच काम करतो: वळणात शिरताना, ब्रेक सोडताना, बाहेर पडताना. लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की शॉकचा हिशेब संपतो. तिथे स्प्रिंग, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल कमी करणारी दांडी), टायर आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) बोलतात. लांब वळणाच्या मध्यावर गाडी सरळ जायला बघत असेल तर नॉब फिरवून ते सुटणार नाही. शिरताना आळशी वाटत असेल तर मात्र फरक पडतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागचा रिबाउंड एक-दोन क्लिक वाढवला की नाक पटकन वळतं. तेवढंच. जास्त केलंत तर ओल्या रस्त्यावर, वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, मागचं टोक सुटायला बघेल, आणि त्या वेळी मागे तुमची माणसं असतील.

अलाइनमेंट नव्या स्प्रिंग दोन-तीनशे किलोमीटर बसल्यावर करा, आणि तुमच्याएवढं वजन ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून करा. कॅम्बर थोडा निगेटिव्ह जाणारच, त्याने टायर आतून किंचित जास्त झिजतो. टायर खरा खातो तो टो, म्हणजे वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. तो कंपनीच्या मर्यादेत आणलाच पाहिजे. हेडलाइटची उंचीही त्याच दिवशी लावून घ्या.

आणि आता तुमचा आकडा. क्लिकची संख्या प्रत्येक शॉकची वेगळी, म्हणून मऊ टोकापासूनच्या प्रमाणात सांगतो. मागे २० मिलिमीटर उतरणाऱ्या स्प्रिंग टाकल्यावर आणि बुश सोडवून आवळल्यावर: पुढे एक तृतीयांश, मागे एकट्याने चालवताना एक चतुर्थांश, भरल्यावर त्यात एकूण पल्ल्याचा सहावा भाग आणखी. इथून फेऱ्या सुरू करा आणि वर सांगितलेल्या खुणांवर दोन-दोन क्लिक हलवा. स्प्रिंग आत्ताच बदलायची नसेल तर मागे आवळूच नका, मऊ टोकाजवळ ठेवा. थोडी डोलेल, पण स्टॉपवर कमी वेळा येईल.

तोवर मागच्या दोन्ही शॉकना केबल टाय लावा. एक फेरी एकट्याने, एक सगळ्यांना घेऊन. प्रत्येक फेरीनंतर टाय सीलपासून किती मिलिमीटर वर गेला आणि स्टॉपच्या कडेपर्यंत किती उरलं, हे दोन्ही बाजूंचं लिहून पाठवा. ते हातात आले की स्टॉप कापायचा, बदलायचा की स्प्रिंगच कमी उतरणारी घ्यायची, हे अंदाजाने सांगावं लागणार नाही.